राहण्यास अयोग्य

"घर मात्र फार छान ठेवलंय हो तुम्ही," निघता निघता पाहणी अधिकारी म्हणाले, आणि तिला बरं वाटलं. चांगलं कान गरम होईपर्यंत बरं वाटलं. "कसलं हो, आहे आपलं," असं काहीतरी ती म्हणाली, तेही लाजत, आणि ते बोळाच्या टोकाला वळून दिसेनासे होईपर्यंत हसरा चेहरा घेऊन पायरीवर उभी राहिली. मग कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस आपलं घर छान आहे हे बघायला आलाच नव्हता. घर राहण्यास अयोग्य आहे, एवढं एक वाक्य त्याने लिहावं म्हणून तिने वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, आणि ते वाक्य न लिहिता, वर शाबासकी देऊन, तो निघून गेला होता. आतून आईचा आवाज आला, "गेले का गं? काय म्हणाले?" त्या आवाजातली खुशी ऐकून तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, पण आज भिंतसुद्धा घासूनपुसून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी कामावर तेच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. ती कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यांवर गुलाबी मेणाची हिरडी घडवायची आणि एकेक दात बसवत जायचं. खोलीत प्लास्टरची धूळ, तापलेल्या मेणाचा गोडसर वास, आणि पॉलिशच्या यंत्राची घरघर. आता हे सगळं तिच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की दात नीट बसला की नाही हे तिला डोळ्यांआधी अंगठ्याला कळतं. सगळे दात एका ओळीत आणि एका रंगाचे बसवले तर माणूस मनापासून हसला तरी खोटा वाटतो, म्हणून ती समोरचा एखादा दात केसभर तिरका लावते, कडेचा एखादा किंचित पिवळट निवडते. गिऱ्हाइकांना ते पटत नाही, त्यांना मोत्यांची माळ हवी असते, पण मालक म्हणतात, तिच्या हातची कवळी ओळखू येत नाही, आणि तीच तिची ओळख. म्हणजे दोष कुठे आणि किती ठेवायचा यातच जिचं आयुष्य गेलं, तिला काल स्वतःच्या घरात शिरल्या शिरल्या ते घर बघून धोका कळू नये, आणि उलट मनात यावं की अरे वा. हे "अरे वा" तिला राहून राहून टोचत होतं. आईने जे करायचं ते केलंच होतं. पण "अरे वा" तिचं स्वतःचं होतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी तिने आईला बजावून सांगितलं होतं. आहे तसं राहू दे. काही हलवू नकोस, काही घासू नकोस, बादली आहे तिथेच राहू दे. आई म्हणाली, "बरं." आईच्या "बरं"चा अर्थ काय होतो हे पंचेचाळिशी उलटून गेली तरी तिच्या ध्यानात राहत नाही. आईचं "बरं" म्हणजे तू बोललीस ते मी ऐकलं, याउपर काही नाही. सकाळी ती अर्धा दिवस कामावर गेली, मग रजा टाकून बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली, कारण घर लोकांना सापडत नाही, आणि अधिकाऱ्यांना घेऊन आत आली. आत आली तर क्षणभर तिला वाटलं आपण शेजारच्या घरात शिरलो. आतल्या खोलीतली मागची भिंत, जिच्यावर हिरवे-काळे डाग अगदी पार छतापर्यंत चढले होते, ती भिंतच नव्हती. तिथे कपाट होतं. दोघींनी मिळून ढकललं तरी हलत नाही असं ते लोखंडी कपाट आईने एकटीने रिकामं केलं होतं, त्याच्या पायांखाली ओल्या साबणाच्या वड्या सरकवल्या होत्या आणि खांद्याने रेटत रेटत त्या भिंतीपर्यंत नेलं होतं. कपाटाच्या वर उरलेली भिंत ब्लीचने घासून पांढरी केली होती. नळाखालची बादली गायब होती आणि गळक्या सांध्याला कापडाची पट्टी इतकी घट्ट आणि नेटकी आवळली होती की ती दागिन्यासारखी दिसत होती. खिडकी पहाटेपासून उघडी ठेवल्यामुळे वाससुद्धा उरला नव्हता. आणि टेबलावर धुतलेल्या बरणीत पानं. फुलं महाग म्हणून नुसती हिरवी पानं.

शिवाय त्या दिवशी कारखाना बंद. त्यांच्या मागच्या भिंतीला लागून बाटल्या धुण्याचा कारखाना आहे. दिवसभर पलीकडे गरम पाण्याचे फवारे उडतात, आणि अलीकडे भिंत पाझरते. बाटल्यांचा किणकिणाट सकाळी सुरू होतो तो संध्याकाळीच थांबतो, आणि पाहुण्यांना पहिल्यांदा तो गमतीचा वाटतो. कारखान्याला आठवड्याची एकच सुट्टी, आणि कचेरीने पाहणीची तारीख दिली ती नेमकी त्या सुट्टीची. तिने फोन करून तारीख बदलून मागितली होती. "का बदलायची?" तिकडून विचारलं. "त्या दिवशी घर बरं असतं," ती म्हणाली. मग तिला सांगण्यात आलं की तारखा संगणक देतो.

अधिकारी भला माणूस होता, तिथेच तर सगळं बिघडलं. उद्धट असता तर तिची जीभ चालली असती. त्याने बूट बाहेर काढू का म्हणून विचारलं. आईने खुर्ची पुढे केली, चहा आणला, बशीत बिस्किटं मांडली, तीही गोलात. त्याच्याजवळ दोषांचा तक्ता होता. ओल, हवा, उजेड, नळ, छप्पर, प्रत्येकाला गुण. दोष जितका मोठा तितके गुण जास्त. ठरावीक गुणांच्या वर गेलं की घर अयोग्य, आणि घर अयोग्य ठरलं की अनुदान. घराने नापास व्हायचं, तरच घरातली माणसं पास. हे तिने आईला निदान चार वेळा समजावून सांगितलं होतं. "भिंतींना ओल वगैरे?" त्याने विचारलं. "छे," आई म्हणाली, "आम्ही फार कोरडं ठेवतो." मग तो तिच्याकडे वळला. हीच ती वेळ होती. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून ती स्वतःच चकित झाली. "तशी काही फार नाही. हवा दमट असली की थोडीशी. चालतं आमचं." आणि वर हसली. कपाट बाजूला करा म्हणून ती एका शब्दाने बोलली नाही. समोर बसलेला माणूस आपल्या कपातला चहा पितोय, आईने केलेल्या मांडणीकडे कौतुकाने बघतोय, आणि त्याला सांगायचं की हे सगळं खोटं आहे, त्या कपाटामागे बुरशी आहे, आमची आई त्या बुरशीत झोपते. कसं सांगणार? त्याच्या पेन्सिलीने "ओल" या शब्दापुढे केलेली लहानशी खूण तिने उलट्या बाजूने वाचली. शून्य होतं.

मेण पुन्हा गार झालं होतं. तिने सुरी दिव्यावर धरली. ही शेवटची योजना होती, आता पुढे काही उरलं नव्हतं. गेली कितीतरी वर्षं तिने योजनांमागे जे काही केलं ते आठवलं की तिचं डोकं आजही तापतं. पहिलं घर घेणाऱ्यांसाठी मदत होती, ती चाळिशीच्या आतल्यांना. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी होती, पण आई एकटी राहत नव्हती, लेक नावाचा अडथळा सोबत राहत होता. कुटुंबांसाठी एक चांगली योजना होती, तिथल्या माणसाने तिला नियम वाचून दाखवला की कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अवलंबून असलेली मुलं. "मग आम्ही दोघी कोण?" तिने विचारलं. त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "तुम्ही दोन व्यक्ती." एका योजनेत तिची कमाई जास्त भरली, दुसरीत कमी. जास्त असलेली आणि कमी असलेली कमाई एकच होती. एके ठिकाणी बँकेचं पत्र आणल्याशिवाय अनुदानाचा विचार नव्हता, आणि बँक म्हणे आधी अनुदानाचं पत्र दाखवा. मदत वाहिनीवर तर तिने इतका वेळ ते वाट बघायला लावणारं संगीत ऐकलं आहे की कामावर कुणी शीळ घालायला लागलं तरी तिच्या छातीत धस्स होतं. एका संस्थेतल्या बाईंनी तिला समोर बसवून, पाणी देऊन, अगदी मायेने सांगितलं की तुमची अडचण खरी आहे, पण आमच्याकडे येणाऱ्यांत तुमच्यासारखे मधले बसत नाहीत. मधले. वर हात पोचत नाही आणि खाली कुणी धरत नाही अशी माणसं. तिने पाणी पिऊन आभार मानले. मग कुठून तरी ही अयोग्य घरांची योजना हाती लागली. गावाबाहेर लहान लहान सदनिका बांधल्या जात होत्या, ज्यांचं राहतं घर अयोग्य ठरेल त्यांना सुरुवातीची रक्कम अनुदानातून, बाकीचं कर्ज. यात वय आड येत नव्हतं, दोन व्यक्ती चालत होत्या. कर्ज मात्र तिला पन्नाशीच्या आत मिळायला हवं होतं, म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं होतं की नियमांत लिहिलं होतं ते सगळं त्यांच्याकडे होतं. ओल होती, बुरशी होती, गळका नळ होता. आणि आईने ते सगळं एका सकाळीत नाहीसं करून टाकलं.

दादाला फोन करायचा नाही असं तिने ठरवलं होतं, तर जेवणाच्या सुट्टीत त्याचाच आला. दादा दूर राहतो आणि त्याला योजनांच्या लिंका पाठवायला फार आवडतं. वाचत तो एकही नाही. "काय झालं पाहणीचं?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. तो आधी हसला, खूप हसला. मग म्हणाला, "अगं पण तुला आई माहीत नाही का? तू तिला त्या दिवशी बाहेर पाठवायला हवं होतंस." हे अर्थातच बरोबर होतं, आणि म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाहेर म्हणजे कुठे पाठवायला हवं होतं?" तिने विचारलं. यावर दादा सावध झाला. त्याच्याकडची खोली मुलांच्या अभ्यासाची आहे हे दोघांनाही पाठ होतं. "तसं नाही गं छोटे," तो म्हणाला, "मी आपलं म्हटलं." आणि थोड्या वेळाने त्याने आणखी एक लिंक पाठवली. ती एकट्या राहणाऱ्या वृद्धांची होती.

आई माहीत नाही का. तिच्याइतकी आई कुणाला माहीत असणार? आई मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होती, आणि ती, घरातली छोटी, त्या वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढली. वडील लवकर गेले, त्यांचा चेहरा तिला फोटोतलाच आठवतो, पण तपासणीचे दिवस लख्ख आठवतात. तपासणी हा शब्द त्या इमारतीत हळू आवाजात उच्चारला जायचा. आदल्या संध्याकाळी आई सगळ्या मजल्यांवरून फिरायची, चादरीचे कोपरे दुमडून दाखवायची, खाटांच्या ओळीला दोरी लावून बघायची. न्हाणीघराच्या छतातून पाणी टपकायचं, तर त्या दिवसापुरतं तिथे धुण्याचं मोठं टोपलं असं ठेवायचं की थेंब त्यातल्या टॉवेलांवर पडावेत आणि आवाज होऊ नये. एकदा एका मुलीला गालगुंड झालं, तर तिला आईने उचलून आपल्या खोलीत, छोटीच्या बिछान्यात आणून निजवलं, आणि छोटीला शेजारी बसवून सांगितलं, ही तुझी मावसबहीण आहे. तपासणीचे साहेब आत डोकावले. "ही कोण?" "मावसबहीण," छोटी म्हणाली. केवढी शाबासकी मिळाली होती तेव्हा आईकडून. दरवर्षी शेऱ्यात "उत्तम" लिहून यायचं, आणि दरवर्षी दुरुस्तीचा पैसा नदीपलीकडच्या वसतिगृहाला मिळायचा, कारण त्यांची अवस्था वाईट होती. त्यांचं छप्पर नवं झालं, त्यांना गरम पाण्याची सोय झाली. आईला याचा राग यायचा नाही. "त्यांना जमत नाही गं नीट ठेवायला," ती म्हणायची, थोडी कीवच करायची त्यांची. शेवटी एका वर्षी न्हाणीघराचं छत खाली आलं, सुदैवाने सुट्टीत, आणि इमारत बंद करायचं ठरलं. तेव्हाही शेवटच्या शेऱ्यात "उत्तम" होतं. आईला निरोप म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खोल्या सोडायला दोन महिने.

आणि तेव्हापासून ह्या दोन खोल्या, हा बोळ, हा बाटल्यांचा आवाज. तात्पुरतं बघू म्हणून घेतलं होतं.

संध्याकाळी भांडण झालं. त्याला भांडण म्हणायचं की नाही कोण जाणे, कारण आई भांडत नाही, ती कामं करत राहते आणि समोरच्याला त्या कामांच्या मागे मागे फिरत बोलावं लागतं. आई कपाटातले कपडे परत लावत होती. बाटल्या पुन्हा किणकिणत होत्या, आणि कपाटाच्या वरच्या पांढऱ्या पट्ट्यातून एक बारीक ओली रेघ खाली यायला लागलीही होती. एक दिवस. एक दिवस आधी आली असती ती रेघ तर तिचं काय बिघडलं असतं? छोटीला त्या भिंतीचासुद्धा राग आला.

"तुला सांगितलं होतं मी. काय सांगितलं होतं?"

"हलवू नको म्हणून."

"मग?"

"मग काय? परका माणूस घरात येणार. त्याला काय बादली दाखवायची?"

"हो. बादलीच दाखवायची. बादलीला गुण होते, आई."

"मला नाही जमत तसं," आई म्हणाली. तिने एक टॉवेल उलगडला आणि पुन्हा त्याच घड्यांवर घातला. "आणि तू तरी कुठे बोललीस? मी म्हटलं नाही, तर तू म्हणायचंस आहे. तू शिकलेली. तूच म्हणालीस, चालतं आमचं."

यावर ती जास्तच ओरडली. तुझ्या त्या तपासणीने आपलं आयुष्य खाल्लं असं म्हणाली. उत्तम, उत्तम म्हणवून घेत छत डोक्यात पडेपर्यंत बसलीस असं म्हणाली. नको ते बोलून गेली. आईने सगळं ऐकून घेतलं. एवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली, तर ती पाठ फिरवून, तोंडावर टॉवेल धरून, आवाज होणार नाही अशी खोकली, आणि टॉवेल घड्या करून कपाटात ठेवला. मग विचारलं, "पुन्हा यायला सांगता येत नाही का त्यांना?"

सांगता येत होतं. फेरपाहणीसाठी अर्ज करता येत होता, आठवड्याच्या आत, राहणाऱ्या सगळ्यांनी समक्ष येऊन, कारण देऊन. हे छोटीला ठाऊक होतं. आईलाही समक्ष न्यावं लागणार म्हणून तिने ते मनातूनच खोडून टाकलं होतं. पण आता आईनेच विचारलं, तेव्हा तिने एका दिवसाची आणखी रजा टाकली. मालकांनी रजेच्या चिठ्ठीकडे बघून "घराचंच का?" म्हणून विचारलं आणि तिने नुसती मान हलवली. घराचंच हा तिच्या रजांचा कायमचा आजार होता.

सकाळी आई इस्त्रीचे कपडे घालून, केस चापून बसवून, शाल खांद्यावर घेऊन तयार. "जरा कमी चांगली दिसलीस तर चालेल," छोटी म्हणाली, आणि आईला हे विनोद म्हणूनही कळलं नाही. कचेरीत फेरपाहणीची खिडकी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. जिन्यात आई मध्येच थांबे, भिंतीवरच्या सूचना वाचल्यासारखं करी, आणि दम परत आला की पुढची पायरी चढे. छोटीने त्या सूचना पाहिल्या. एका ठिकाणी तर नुसती विजेची पेटी होती.

खिडकीवरच्या बाईंना सर्दी झाली होती. त्या गोळी चघळत होत्या आणि मागच्या रांगेकडे बघत बोलत होत्या. "फेरपाहणी कशासाठी?"

"पहिल्या पाहणीला घर आवरलेलं होतं," छोटी म्हणाली.

"मग?"

"त्यामुळे दिसलं नाही."

"काय दिसलं नाही?"

मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी ऐकण्यासाठी थोडी मान पुढे केली हे तिला पाठीतून जाणवलं. तिने आवाज उतरवला. ओल आहे, ती म्हणाली. बुरशी आहे. आईच्या छातीला त्रास होतो, रात्री खोकला असतो, मी बाहेरच्या खोलीत असते तरी मला ऐकू येतो. एवढी साधी चार वाक्यं, पण कुणाची तरी चुगली केल्यासारखी निघाली. आणि तिला भीती होती तेच झालं. बाजूच्या बाकावरून आई म्हणाली, "मला काही होत नाही. वयाने होतो तेवढा खोकला आहे."

बाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "आजी, तुम्ही इकडे या. त्रास आहे की नाही, काय ते एकदा सांगा. मला एकच काहीतरी लिहायचंय."

आई उठली. शाल सारखी केली, खिडकीपाशी आली आणि दोन्ही हात समोर जोडून धरून, पाठ ताठ करून उभी राहिली. अशी ती पूर्वी साहेबांसमोर उभी राहायची. छोटीने डोळे मिटून घेतले. झालं आता, तिला वाटलं. आता उत्तम.

"मला त्रास नाही," आई म्हणाली. "पण हिला आहे."

"यांना? यांना काय होतंय?"

"ही रोज कामावरून येते," आई म्हणाली, अगदी शांतपणे, एखाद्या मजल्याचा अहवाल द्यावा तशी. "दारापाशी येते, पण आत येत नाही. दार ओलीने फुगायचं, लागायचं नाही, म्हणून मी ते सुताराकडून खालून तासून घेतलं, तर आता खाली फट पडलीय. मी समोर खुर्चीत बसलेली असते. मला फटीतून हिचे बूट दिसतात. उभी असते. या पायावरचा भार त्या पायावर घेते. कधीकधी चहाला आधण येतं, उकळून जातं, तरी उभीच असते. एकदा बूट परत वळले होते. बोळाच्या टोकापर्यंत गेलेले मी ऐकले. मग परत आले." तिने थोडा श्वास घेतला. "मी आवाज करत नाही. मी आतून दार उघडलं तर तिला ओशाळं वाटेल. मग केव्हातरी किल्ली फिरते आणि ही हसत आत येते. म्हणते, काय मातोश्री, काय चाललंय."

छोटी खिडकीच्या लाकडी फळीकडे बघत होती. किल्ली सापडत नाही म्हणून आपण थांबतो, असं तिने स्वतःला पटवून ठेवलेलं होतं. पर्स मोठी आहे, किल्ली तळाशी जाते. किल्ली मुठीत धरूनसुद्धा ती हेच म्हणत असे. आणि आतल्या बाजूला, ते पातळ तासलेलं दार मध्ये ठेवून, आई तिचे बूट बघत बसलेली. कोण जाणे किती संध्याकाळी.

"माझं काय," आई म्हणाली, "मी जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतीत राहिले. मला कुठेही चालतं. पण आपल्याच घरात शिरायला माणसाला एवढा वेळ लागू नये. तेवढं लिहा."

बाईंनी गोळी चघळायची थांबवली होती. त्यांनी अर्ज जवळ ओढला, त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "आजी, रकाना एवढासा आहे," त्या म्हणाल्या, आणि बोटांनी दाखवला. मग वाकून लिहू लागल्या. लिहून झाल्यावर त्यांनी कागद फिरवून दोघींच्या समोर केला. रकान्यात लिहिलं होतं, "दार फुगते. खाली फट आहे."

"दोघींनी सह्या करा."

आईने चष्मा लावला. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. "'ओलीमुळे' राहिलं," ती म्हणाली.

बाईंनी कागद परत घेतला आणि 'दार' व 'फुगते' यांच्या मध्ये वर, बारीक अक्षरात, "ओलीमुळे" लिहिलं. आईने सही केली आणि पेन छोटीच्या हातात दिलं. छोटीला सहीची जागा काही केल्या दिसेना. तेव्हा आईने तिचं मनगट धरून हात कागदावर नेला आणि म्हणाली, "इथे."